सुधारणेस वाव

बाईंचा रजेचा अर्ज साहेबांच्या उजव्या खणात तेवीस दिवस पडून होता. एव्हाना त्याच्यावर डिंकाची बाटली, दोन कंगवे आणि अर्धा खाल्लेला बिस्किटांचा पुडा यांनी संसार थाटला होता. अर्ज साधाच होता. मुलीला बाळंतपणाची महिनाअखेरीची तारीख दिली होती. मुलगी बसने नऊ तासांच्या अंतरावर एकटी राहत होती. जावई जहाजावर होता, आणि जहाज नेमकं कुठल्या समुद्रात आहे हे त्याला स्वतःलाही धड सांगता येत नव्हतं. बाईंना तीन आठवड्यांची रजा हवी होती, बस्स.

बाई विद्यापीठाच्या परीक्षा विभागात, दुसऱ्या मजल्यावर, राखून ठेवलेल्या निकालांच्या टेबलावर बसत. कुठला तरी कागद कमी पडला म्हणून ज्याचा निकाल अडकतो, तो विद्यार्थी त्यांच्यापुढे येऊन उभा राहतो. येताना तो भांडायच्या तयारीने येतो आणि जाताना दोन पेले पाणी पिऊन, डोळे पुसून, कागद घेऊन जातो. बावीस वर्षांत बाईंचा आवाज चढलेला कुणी ऐकला नव्हता. खिडकी उघडायची, लावायची, पंखा वाढवायचा, बंद करायचा, यातलं काहीही त्यांना कुणी विचारत नसे, कारण त्या नाही म्हणणार नाहीत हे सगळ्यांना ठाऊक होतं.

साहेब म्हणजे विभागाचे अधीक्षक. त्यांचा आवाज खालच्या सायकल स्टँडपर्यंत पोचायचा. फाइल हातात द्यायची असते हे त्यांना नोकरीला लागल्यापासून कुणी सांगितलेलं दिसत नव्हतं. ते ती हवेतून पाठवत.

"साहेब, ते रजेचं जरा..." बाई चोविसाव्या दिवशी म्हणाल्या.

"बाई, निकाल तोंडावर आलेत आणि तुम्हाला आजी व्हायची घाई. तुमचं टेबल कोण बघणार? मी?"

"नाही साहेब."

"मग?"

साहेबांच्या 'मग'ला आजवर कुणी उत्तर दिलेलं नव्हतं. बाई जागेवर जाऊन बसल्या.

त्याच दुपारी परिपत्रक आलं. विषय होता, कर्मचाऱ्यांचे स्वास्थ्य व कार्यस्थळी सन्मानपूर्ण वर्तन. प्रशासनाने मध्यंतरी एक निनावी पाहणी केली होती. 'आपल्याला कामाच्या ठिकाणी अपमानास्पद वागणूक कुठे मिळते?' या प्रश्नापुढे बत्तीस जणांनी नाव न घेता फक्त 'दुसरा मजला, डावीकडचा दरवाजा' एवढंच लिहिलं होतं. त्यावर उपाय म्हणून तीन दिवसांची कार्यशाळा ठरली होती. प्रत्येक विभागाने एक कर्मचारी पाठवायचा, 'ज्याच्या वर्तनात सुधारणेस वाव आहे' असा. नाव अर्थातच विभागप्रमुखाने कळवायचं.

डावीकडच्या दरवाज्याआड साहेब धरून चार माणसं होती. साहेबांनी स्वतःला पहिल्याच फेरीत वगळलं. दुसरे होते सरचिटणीस. ते कामाने कारकून आणि पिंडाने कर्मचारी संघटनेचे सरचिटणीस. त्यांचं नाव घातलं की दुसऱ्या दिवशी फाटकावर सभा ठरलेली. तिसऱ्या आवक-जावकच्या ताई. त्यांचा मामेभाऊ कुलगुरूंची गाडी चालवायचा, आणि घरापासून कचेरीपर्यंत अर्ध्या तासात गाडीत काय काय बोलून होतं याचा काही नेम नसतो. उरल्या बाई.

"फक्त जाऊन बसायचंय," साहेबांनी त्यांना समजावलं. "नाव द्यावं लागतं म्हणून देतोय. तुम्ही काही तशा नाही."

"बरं साहेब. आणि रजा..."

"बघू."

बाईंना वाटलं, एवढं ऐकलं तर निदान डिंकाची बाटली तरी उचलली जाईल.

खरा घोटाळा सूचनाफलकावर यादी लागली तेव्हा झाला. यादीत बारा नावं होती आणि त्यातली अकरा विद्यापीठात गाजलेली होती. एका प्राध्यापकाला पुस्तकांच्या कपाटांमध्ये कोंडून जेवायला निघून गेलेले ग्रंथपाल होते. भर रस्त्यात 'गाडी जरा हळू' म्हटल्याबद्दल अधिष्ठात्यांना तिथेच उतरवून रिकामी गाडी परत आणणारा ड्रायव्हर होता. वसतिगृहाच्या ज्या अधीक्षिका होत्या त्यांच्याबद्दल तर विद्यार्थी बोलायलाही तयार नसत. आणि बाराव्या क्रमांकावर बाई.

प्रत्येकाने काय केलं ते 'गोपनीय' होतं. अकरा जणांचं गोपनीय सगळ्यांना पाठ होतं. बाईंचं कुणालाच माहीत नव्हतं, म्हणजे ते सांगण्यासारखं नसणार.

"गरीब दिसणारी माणसं फार खोल असतात," कँटीनवाल्याने निकाल दिला आणि त्या दिवसापासून बाईंचा चहा सर्वांत आधी आणि ऊन ऊन येऊ लागला.

पुढचं पाऊल साहेबांनी स्वतःच्या हाताने टाकलं. संध्याकाळी उपकुलसचिवांचा फोन आला. "अहो, तुमच्या त्या बाई. तुम्ही इतकी वर्षं कसं सहन केलंत?"

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. साहेबांना उभ्या नोकरीत कुणी 'तुम्ही कसं सहन केलंत' असं विचारलं नव्हतं. हा प्रश्न नेहमी त्यांच्याबद्दल दुसऱ्यांना विचारला जाई. साहेब विरघळले.

"काय सांगणार सर," ते खोल आवाजात म्हणाले. "सांगायचं कुणाला?"

"हात वगैरे उगारतात का?"

"हात नाही," साहेब म्हणाले, आणि इथेच थांबले असते तर ही गोष्ट इथेच संपली असती. "परवा पंचिंग मशीन फेकलं."

आठवड्याभरात बाईंनी पंचिंग मशीन तीनदा फेकलं, रबरी शिक्का साहेबांच्या कपाळावर उमटवला आणि एका सहायक प्राध्यापकाला जिन्याच्या कठड्यापर्यंत मागे रेटत नेलं. हे सगळं साहेब फोनवर इतक्या तपशिलाने सांगत होते की हळूहळू त्यांचीच गाळण उडू लागली. बाईंनी पेन शोधायला खण उघडला की साहेब खुर्ची मागे घेत. त्यांच्या फाइली हवेतून यायच्या बंद झाल्या. ते उठून, टेबलापाशी येऊन, दोन्ही हातांनी फाइल ठेवायचे आणि "सवडीने" म्हणून निघून जायचे.

"साहेबांना बरं नाही का?" बाईंनी सरचिटणीसांना विचारलं.

सरचिटणीस त्यांच्याकडे बघतच राहिले. ते त्याच खोलीत बसत होते, त्यांच्या डोळ्यांदेखत काहीच घडलेलं नव्हतं, तरी ते हळूच म्हणाले, "बाई, खरं सांगा. मी जेवायला जातो तेव्हा तुम्ही काय करता?"

या सगळ्यात एक गोष्ट चांगली झाली. "त्यांना थोडी विश्रांती द्या," उपकुलसचिवांनी सुचवलं. "नव्या परिपत्रकात स्वास्थ्य रजा आहे. कार्यशाळेच्या माणसांना देता येते." साहेबांनी लगेच खण उघडला, बिस्किटं बाजूला केली आणि अर्जावर लिहिलं, 'सदर कर्मचारी तीव्र तणावाखाली असून त्यांना विश्रांती आवश्यक आहे.' रजा एका तासात मंजूर होऊन आली. शनिवारपासून तीन आठवडे. शुक्रवारी सहाची बस. बाईंनी कागद दोनदा वाचला आणि तिसऱ्यांदा वाचताना त्यांना खालची ओळ दिसली, 'कार्यशाळेअंती सुधारित असा शेरा मिळाल्यास तणाव संपुष्टात आला असे समजून ही रजा आपोआप रद्द होईल.'

"म्हणजे मला नापास व्हायला हवं," बाई म्हणाल्या.

"तुम्हाला जमायचं नाही," सरचिटणीस म्हणाले.

कार्यशाळा मंगळवारी सुरू झाली. प्रशिक्षक तरुण होते आणि प्रत्येक वाक्यानंतर श्वास घ्यायला लावत. पहिल्याच सत्रात त्यांनी सांगितलं, "समोरच्याचं म्हणणं पटलं नाही, तर तुम्ही नेहमी जसे बोलता तसे माझ्याशी बोला. अगदी मोकळेपणी."

बाईंना वाटलं, हीच वेळ. जेवणाच्या सुट्टीत ड्रायव्हरने त्यांना दोन वाक्यं शिकवली होती. त्यातलं एक घरात म्हणण्यासारखं नव्हतं आणि दुसरं गॅरेजमध्येही म्हणण्यासारखं नव्हतं. बाई उभ्या राहिल्या. मुलीचा चेहरा डोळ्यांपुढे आणला.

"तुम्ही," त्या म्हणाल्या, "तुम्ही जे सांगताय ते मला तितकंसं... म्हणजे चूक माझीही असेल... पण पटलं नाही. रागावू नका हं."

प्रशिक्षकांनी टाळ्या वाजवल्या. "सन्मानपूर्वक असहमती. सगळ्यांनी लिहून घ्या."

ग्रंथपालांनी खरंच लिहून घेतलं.

बुधवारीही तेच. रागाने दार आपटायचं प्रात्यक्षिक होतं, तर बाईंनी दार आपटलं आणि मागून येणाऱ्या वसतिगृहाच्या अधीक्षिकेला लागू नये म्हणून लगेच उघडून धरलं. आता सगळी भिस्त गुरुवारच्या लेखी परीक्षेवर होती. चाळीस प्रश्न, प्रत्येकी चार पर्याय. बाईंनी मन घट्ट केलं आणि प्रत्येक प्रश्नात सर्वांत दुष्ट पर्याय निवडला. 'सहकारी रडत असल्यास?' 'हसावे.' बाईंनी खूण केली आणि क्षणभर डोळे मिटून घेतले.

निकाल दुपारीच लागला. ड्रायव्हर पहिला आला. त्याने एक सोपी युक्ती केली होती. प्रत्येक प्रश्नात आपण काय केलं असतं ते आठवायचं आणि त्याच्या नेमकं उलट लिहायचं. बाकीचे दहाही बऱ्या गुणांनी पास झाले. बाईंना शून्य मिळालं. त्यांनी जिन्यातूनच मुलीला फोन केला. "नापास झाले गं," त्या म्हणाल्या, आणि दोघी आनंदाने रडल्या.

पण विद्यापीठाला वर पाठवायच्या अहवालात शंभर टक्के निकाल हवा होता. एका माणसासाठी नव्व्याण्णवच्याही खाली जायचं कुणाच्या जिवावर येणार नाही? कृपागुणांची फाइल तयार होऊन परीक्षा विभागात आली. सोळा गुण कृपेचे, म्हणजे चाळीसपैकी सोळा, उत्तीर्ण, शेरा 'सुधारित'. साहेबांनी ती न वाचता सही करून परत पाठवली. सही करण्याआधी कागद वाचायचा असतो हा विचार त्यांना कधी शिवला नव्हता. पाच वाजता बाईंच्या टेबलावर चिठ्ठी आली की रजा रद्द.

बाई रात्रभर जाग्या होत्या असं आपण समजू, कारण शुक्रवारी सकाळी त्या आल्या त्या लाल डोळ्यांनी. पण बसल्या त्या आपल्या टेबलावर, आणि या टेबलावर त्यांच्या शब्दापुढे कुलगुरूंचंही चालत नसे. निकाल कशाकशामुळे अडवता येतो याची चौदा कारणं त्यांना तोंडपाठ होती. बावीस वर्षं त्यांनी ती दुसऱ्यांची सोडवली होती. त्यांनी कागद पुढे ओढला आणि सुंदर अक्षरात लिहिलं, 'उमेदवार क्रमांक बारा यांची पात्रता सिद्ध झालेली नाही. कार्यशाळेसाठी वर्तनाबद्दल लेखी तक्रार आवश्यक आहे. उमेदवाराच्या सेवापुस्तकात अशी तक्रार आढळत नाही. सबब निकाल राखून ठेवण्यात येत आहे.' खाली स्वतःची सही केली. निकालच नाही म्हणजे 'सुधारित' शेरा नाही, आणि शेरा नाही म्हणजे रजा कायम.

प्रशासनाचं उत्तर तासाभरात आलं. आज पाचपर्यंत घटना, तारीख आणि साक्षीदारासह लेखी तक्रार सादर करावी. न केल्यास बाईंचं नामनिर्देशन रद्द, त्यावर दिलेली रजाही कायमची रद्द. आणि अशा परिस्थितीत अधीक्षकांनी पंचिंग मशीनबद्दल जे जे सांगितलं ते कशाच्या आधारे, याची चौकशी.

शेवटचं वाक्य वाचून साहेबांच्या कपाळावर घाम आला. ते बाईंच्या टेबलापाशी आले.

"बाई, एक उपकार करा. माझ्यावर ओरडा."

"काय साहेब?"

"ओरडा हो. सरचिटणीस साक्षीला आहेत. दोन मिनिटं. मी लगेच तक्रार लिहितो, तुम्ही पात्र ठरता, निकाल तुमच्या टेबलावर अडकवून ठेवा हवा तितका, बसा बसमध्ये. माझीही मान सुटेल."

योजनेत खोट नव्हती. बाई उभ्या राहिल्या. आवक-जावकच्या ताईंनी खिडकी लावून घेतली.

"साहेब," बाई म्हणाल्या, "तुम्ही..."

"हां. पुढे."

"तुम्ही सकाळपासून काही खाल्लं नाहीत का? चेहरा उतरलाय."

साहेब मटकन खुर्चीत बसले. साडेतीन वाजले. चार वाजले. बाईंनी आणखी दोनदा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा शेवटी साहेबांनाच पाणी द्यावं लागलं.

"असं करू," साहेब म्हणाले. "नवं राहू दे. मागचं सांगा. या खोलीत कधी काही अपमानास्पद घडलं असेल. तारीख आठवेल असं. मी लिहितो."

"घडलेलंच सांगायचं ना?"

"घडलेलंच. चटकन."

बाईंनी हात मांडीवर ठेवले. "अकरा फेब्रुवारी. सकाळी सव्वाअकरा. फाइल फेकली. कोपरा एका विद्यार्थिनीच्या भुवईला लागला. ती पाणी मागत होती."

साहेबांनी 'फाइल फेकली' इथपर्यंत लिहिलं आणि पेन थांबलं. "बाई, हे तर..."

"तीन जुलै. सगळ्यांसमोर 'अक्कल घरी विसरून आलात का' असं विचारलं. आवक-जावकच्या ताईंना. त्यांची चूक नव्हती, कागद तुमच्याच खणात होता."

ताईंनी पदर डोळ्यांना लावला. साहेबांनी लिहिलं. पाचला अजून वीस मिनिटं होती आणि दुसरं काहीच हाताशी नव्हतं.

"चार वर्षांपूर्वी," बाई त्याच आवाजात म्हणाल्या, "नोव्हेंबरातला दुसरा सोमवार. माझी आई दवाखान्यात होती. मी अर्धा दिवस मागितला. 'तुम्ही डॉक्टर आहात का, जाऊन काय करणार' असं विचारलं. बाहेर विद्यार्थ्यांची रांग होती, ते हसले. मी त्या दिवशी एकशे चार निकाल सोडवले. सहाला दवाखान्यात पोचले, तोवर झालं होतं सगळं."

सरचिटणीसांनी तोंडातली सुपारी गिळली. साहेब कागदाकडे बघत होते.

"मला राग आला होता साहेब," बाई म्हणाल्या. "अजून आहे. लिहिलंत? पुढचं सांगते."

"पुरे," साहेब म्हणाले. त्यांचा आवाज सायकल स्टँडपर्यंत काय, टेबलाच्या दुसऱ्या टोकापर्यंतही गेला नाही.

आता एकच रकाना उरला होता, 'असे वर्तन करणाऱ्याचे नाव'. घटना खऱ्या, तारखा खऱ्या. फक्त तिथे बाईंचं नाव टाकलं की झालं, हे साहेबांच्या ध्यानात आलं, आणि त्यांनी पेन टेकवलंही. पण सरचिटणीस खुर्ची ओढून शेजारी येऊन बसले होते.

"मी साक्षीदार आहे," ते म्हणाले. "जे पाहिलं त्यावरच सही करतो. तिसऱ्या वेळी मी तिथे उभा होतो, साहेब."

साहेबांनी दोन्ही बाजू तोलून पाहिल्या. बाईंचं नाव टाकलं तर साक्षीदार नाही, साक्षीदार नाही म्हणजे कागद नाही, कागद नाही म्हणजे पंचिंग मशीनची चौकशी. स्वतःचं टाकलं तर कागद वेळेत जातो, चौकशी टळते, फक्त कार्यशाळेत तीन दिवस श्वास घ्यायचा. पण ते पेन घेऊन जितका वेळ बसून राहिले तितका वेळ या हिशेबाला लागायला नको होता. मग त्यांनी रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं, पदासकट, आणि पहिल्यांदाच सही करण्याआधी कागद वरपासून खालपर्यंत वाचला.

सरचिटणीसांनी साक्षीला सही केली. "दोनदा करू का?" त्यांनी विचारलं. ताईंनी कागदाला क्रमांक दिला आणि पाचला सात मिनिटं असताना तो स्वतः पळत खाली नेला.

पाच वाजून दहा मिनिटांनी उपकुलसचिवांचा फोन आला. साहेब नुसते "हो सर, हो सर" करत होते. फोन ठेवून ते म्हणाले, "तुमचं नामनिर्देशन चुकून झालं असं ठरलंय. रजा मात्र कायम. तणाव होता हे मी लिहूनच दिलं होतं. तो कशाचा, ते आता कळलं म्हणाले. पंचिंग मशीन कोण फेकत असणार, तेही. जा बाई तुम्ही."

"आणि तुम्ही साहेब?"

"सोमवारी दहाला. दुसरी तुकडी."

बाईंनी पिशवी खांद्याला लावली, मुलीसाठी विणलेलं बाळाचं टोपडं वर नीट ठेवलं आणि दारापर्यंत गेल्या. साहेब मागून म्हणाले, "बाई, तिथे नेमकं काय विचारतात हो?" विचारताना ते इतके लहान दिसत होते की बाई बस विसरून परत फिरल्या.

"काही अवघड नसतं," त्यांनी अगदी काळजीने सांगितलं. "पहिल्या दिवशी विचारतील, तुमच्यामुळे आजवर कुणाकुणाला त्रास झाला, त्यांची नावं सांगा. सगळी सांगू नका साहेब. तीन दिवस पुरायचे नाहीत."

आपण काय बोललो हे बाईंना कळलंच नव्हतं. त्या साहेबांच्या पेल्यात पाणी ओतत होत्या.

"जमलं की बाई तुम्हाला," सरचिटणीस म्हणाले, आणि त्यांच्या खांद्यावरची पिशवी घेऊन त्यांना बसपर्यंत पोचवायला निघाले.